गुरे काढू नयेत

काशी करून आलेल्या माणसाचं काय करायचं हे आमच्या पिंपळनेरला पक्कं ठाऊक आहे. गंगाजलाच्या गडूची पूजा घालायची, जोडप्याला पाटावर बसवायचं आणि मावंद्याला खापरावरच्या पुरणपोळ्या हाणायच्या. वारीहून आला तर चुरमुरे आणि बुक्का, गडावरून आला तर नारळाचा प्रसाद. दुबईचंही आता बसलंय. खजूर वाटायचा आणि तिथला सोन्याचा भाव सांगायचा. पण आइसलंडला जहाजातून फेरी मारून आलेल्या जोडप्याचं काय करायचं, याला आमच्याकडे कसलाच आधार नव्हता. शेवटी जोडप्यातल्या काकूंनीच तोड काढली. ‘बेटाला पूर्ण वळसा घातला ना? मग ती प्रदक्षिणाच झाली. प्रदक्षिणा झाली म्हणजे मावंदं आलं.’ फक्त गंगाजलाच्या जागी फोटो होते, आणि पूजा करायला टीव्ही ओसरीत आणून ठेवला होता.

काकूंचे यजमान म्हणजे आमचे भूगोलाचे गुरुजी. सगळी नोकरी त्यांनी हायस्कुलात खडूने जग काढण्यात घालवली. आफ्रिका ते एका दमात, हात न उचलता काढत. युरोपला मात्र दोनदा डस्टर लागायचं, आणि तेही नॉर्वेपाशी. तो दातेरी किनारा काढताना खडू असा करकरायचा की मागच्या बाकावर झोपलेलेही उठून बसायचे. ‘याला म्हणतात फियॉर्ड. हिमनदीने खोदलेली, समुद्राने भरलेली, अरुंद आणि उभ्या कड्यांची खाडी.’ हे वाक्य गावात ज्याला झोपेतून उठवून विचाराल तो म्हणून दाखवील. फियॉर्ड अर्थातच गुरुजींनी पाहिलेला नव्हता. समुद्रसुद्धा त्यांनी पाहिला तो शाळेच्या सहलीत, अलिबागला, आणि तेव्हा त्यांचं सगळं लक्ष पोरं मोजण्याकडे होतं.

लेक-जावई कोपनहेगनला असतात. त्यांनी लग्नाच्या पन्नाशीला म्हणून ही निसर्ग-क्रूझ ठरवली तेव्हा गुरुजी बिथरले. जावयाच्या पैशाने ते देवदर्शनालाही गेलेले नाहीत. मग तडजोड झाली. विमान जावयाचं, जहाज गुरुजींचं. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि वर एक मोडलेली एफडी. त्या थकबाकीतून काकूंना गच्चीवर पत्र्याची शेड हवी होती. ‘माझी शेड यांनी बर्फात घातली,’ असं त्या अजून सांगतात, पण आता सांगताना पदर सावरतात.

मावंद्याला कोण नव्हतं? फडाच्या पाटावर हयात घालवलेले पाटकरी बापू होते. माळावरचे मेंढपाळ, ठेलारी आबा होते. ते खुर्चीवर बसत नाहीत, म्हणून उंबऱ्यालगत उकिडवे. निवृत्त तलाठी अण्णा होते. सावद्याचे व्याही आले होते, ज्यांना केळीशिवाय दुसऱ्या विषयावर बोलताना कुणी ऐकलेलं नाही. आणि बाकी सतरंजीभर आम्ही, गुरुजींच्या हाताखालून गेलेल्या दोन-तीन पिढ्या, आपापल्या पोटांसकट मांडी घालून.

निसर्ग-क्रूझ म्हणजे नेमकं काय, ते आधी काकूंनी समजावलं. मोठ्या क्रूझवर जुगार, नाच आणि तरणतलाव असतात. ही छोटी. हिच्यावर नाचाऐवजी व्याख्यानं. रोज संध्याकाळी एक तरुण मुलगा किंवा मुलगी येऊन पक्षी, खडक, हिमनदी असं काहीतरी पडद्यावर दाखवणार, मग प्रश्न विचारा म्हणणार, आणि मग गुरुजी विचारणार. ‘तिसऱ्या दिवसापासून ती पोरं यांच्याकडे न बघता प्रश्न घ्यायची,’ काकू म्हणाल्या. सकाळी लाल कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून रबरी बोटीत बसायचं, किनाऱ्याला लागायचं, निसर्ग बघायचा, परत येऊन जेवायचं. दुपारी दुसरा निसर्ग, पुन्हा जेवायचं. काकूंनी नऊवारीचा हट्ट धरला नाही, पण सहावारी सोडली नाही. आत थर्मलची पँट, वर साडी, त्यावर लाल कोट आणि त्यावर जीवरक्षक जाकीट. त्या वेषातल्या फोटोत काकू ओळखू आल्या त्या फक्त कुंकवावरून.

जहाज सुटण्याआधी बुडण्याची रंगीत तालीम घ्यावी लागते. टायटॅनिक १९१२ साली बुडालं, १९१४ साली अनेक देशांनी मिळून जहाजांच्या सुरक्षेचा करार केला, त्यातून ही शिस्त आली, हे गुरुजींनी आम्हाला सांगितलं. त्यांनी जे नाही सांगितलं ते काकूंनी सांगितलं. जाकिटाला शिट्टी असते. गुरुजींना शिट्टी दिसली. शाळेत पीटीचे सर रजेवर असले की तास गुरुजींकडेच यायचा. त्यांनी शिट्टी फुंकली आणि डेकवरचे जर्मन, अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्या, सगळे मुकाट एका रांगेत उभे राहिले. जहाजावरच्या अधिकाऱ्याने गुरुजींचे आभार मानले म्हणे.

खाण्याचं काय, हा बायकांचा पहिला प्रश्न. काकूंनी कळण्याचं पीठ, बिबड्या, शेव आणि मिरचीचा खुडा नेला होता. पण खोलीत शेगडी पेटवायला बंदी, आणि बिबड्या भाजायला जागा नाही. तिथे गोवा धावून आला. जगातल्या कुठल्याही जहाजाच्या मुदपाकखान्यात डोकावलं तर एखादा गोंयकार तारवटी सापडतोच. पिढ्यान् पिढ्या त्यांची दर्यावरची नोकरी चालत आली आहे. या जहाजावरच्याने काकूंचं कुंकू लांबून हेरलं आणि ‘आंटी, खिचडी करून देऊं?’ म्हणून विचारलं. त्यानंतर काकूंना आइसलंडविषयी कुठलीच तक्रार उरली नाही. तिथला स्कीर नावाचा प्रसिद्ध पदार्थ त्यांनी चमच्याने चाखून बाजूला ठेवला. ‘चक्का आहे हो तो. वेलदोडा आणि साखर घातली की झालं.’ त्या गोंयकाराच्या मदतीने त्यांनी ते घातलंही, आणि दोन ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्यांना श्रीखंड वाढलं.

मग फोटो सुरू झाले. पहिले पुष्कळसे फोटो व्हेलचे होते.

म्हणजे समुद्राचे होते. करडं पाणी, त्यावर करडं आभाळ. ‘हा व्हेल आत्ता इथे होता,’ गुरुजी रिमोटने दाखवत. पुढचा फोटो: करडं पाणी. ‘इथून तो आत गेला.’ पुढचा: पाणी आणि एका जर्मनाची टोपी. उत्तरेकडच्या हुसाविकच्या आखातात हंपबॅक जातीचे व्हेल उन्हाळ्यात खायला येतात. जहाजाच्या भोंग्यावरून घोषणा झाली की शे-दीडशे माणसं हातातले कप टाकून एकाच कठड्याकडे धावतात, आणि तोवर तो श्वास घेऊन गेलेला असतो. एका फोटोत मात्र शेपटी सापडली होती, टोकाशी जरा अस्पष्ट. त्या शेपटीखालचे पांढरे-काळे डाग प्रत्येक व्हेलचे वेगळे असतात, आणि त्यावरून अभ्यासक त्याला नावानिशी ओळखतात, असं गुरुजी म्हणाले. आमच्याकडच्या लोकांनी हे सगळं फार समजूतदारपणे पाहिलं. उसातला बिबट्या इथे आजवर प्रत्येकाने तो निघून गेल्यावरच पाहिलेला आहे.

मेंढ्यांचे फोटो आले आणि आबा उंबऱ्यावरून सरकत पुढे आले. आइसलंडात माणसं चार लाखांच्या आत. आपल्या एकट्या धुळे शहराची वस्ती २०११च्या जनगणनेत पावणेचार लाख होती. म्हणजे धुळ्याएवढ्या वस्तीला तिकडे राष्ट्रपती, पंतप्रधान आणि संसद. (‘आणि आपल्याला साधी बायपासची बस मिळत नाही,’ मागून कोणी तरी.) मेंढ्या मात्र माणसांना पुरून उरतील इतक्या. उन्हाळा लागला की त्या डोंगरावर मोकळ्या सोडून देतात. राखायला कोणी नाही. सप्टेंबरात गावंच्या गावं घोड्यांवरून डोंगरावर जातात, सगळा कळप हाकत खाली आणतात आणि एका मोठ्या गोल कोंडवाड्यात घालतात. त्या कोंडवाड्याला भोवती कप्पे असतात, एकेका शेतकऱ्याचा एकेक. कानाची खूण बघून ज्याची त्याची मेंढी ज्याच्या त्याच्या कप्प्यात.

कानाची खूण आबांना सांगावी लागली नाही. त्यांना अडलं ते दुसरीकडेच.

‘तठे बिबट्या नही?’

‘नाही.’

‘लांडगा?’

‘नाही. एक छोटा कोल्हा आहे, आर्क्टिक कोल्हा. माणूस येण्याच्या आधीपासून त्या बेटावर असलेलं जमिनीवरचं तेवढं एकच सस्तन जनावर.’

‘मंग मेंढपाय काय करस?’

‘घरी बसतो.’

आबा बराच वेळ गप्प होते. साक्री तालुक्यातले ठेलारी दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात ते पावसाळ्याच्या तोंडाला परततात. रात्री वाघूर, म्हणजे जाळं, लावून कळपाभोवती जागतात. घरी बसणारा मेंढपाळ ही कल्पना त्यांच्यात कुठे बसेना. मग काकूंनी तिकडून आणलेला स्वेटर दाखवायला काढला, गळ्याभोवती गोल नक्षीचा. त्याची किंमत ऐकून बायका मागे सरल्या. आबांनी तो हातात घेतला नाही. नुसती बाहीची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, चोळली, एक तंतू ओढून उजेडात धरला, मग दुसरा ओढला, आणि वास घेतला. ‘दोन जातना केस शेत,’ ते म्हणाले. ‘एक वरला, एक मधला.’ गुरुजी उठून उभेच राहिले. जहाजावर व्याख्यान देणाऱ्या तरुण मुलीने तासभर पडद्यावर चित्रं दाखवून हेच सांगितलं होतं: तिकडच्या मेंढीला दोन थर असतात, बाहेरचा लांब आणि राठ, पाणी झटकणारा, आतला मऊ, ऊब धरणारा. दोन्ही एकत्र कातले की असं हलकं सूत निघतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, तिची घोंगडीच होते. आबांनी तो तंतू पुन्हा बाहीवर ठेवला, जणू तो त्यांना परत जोडायचा होता.

बापूंचा जीव धबधब्यापाशी गेला. पश्चिमेकडच्या डोंगरात दिन्यांदी नावाचा शंभर मीटर उंचीचा धबधबा आहे, वर अरुंद आणि खाली पसरत येणारा, नव्या नवरीचा पदर म्हणतात तसा. ‘म्हणतात तसा’ हे गुरुजींचं. बापू पदराकडे पाहतच नव्हते.

‘हे पाणी जातं कुठे?’

‘समुद्रात.’

‘बठ्ठं?’

‘सगळं.’

बापूंना ते बघवेना. पांझरा नदीवर तीन-चारशे वर्षांपासून फड चालले. नदीला बंधारा घालायचा, पाट काढायचा, एका फडात एकच पीक लावायचं आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याने ठरवायची. जागल्या राखायला, हवालदार भांडणं मिटवायला. एका बारीसाठी भावाभावांत कोयते निघालेले बापूंनी पाहिलेत. आणि इथे नदीच्या नदी समुद्रात ओततात! ‘तठे एखादा बंधारा टाकाले काय व्हत व्हतं?’ गुरुजींनी समजूत घातली, की बंधारे आहेत तिकडे. त्यांची बहुतेक वीज पाण्यावर आणि उरलेली जमिनीतल्या वाफेवर होते. वात्नायोकुल नावाची एकच हिमनदी जवळपास आपल्या धुळे जिल्ह्याएवढी आहे, ती वितळून पाणी येतच राहतं. बापूंनी जिल्ह्याएवढ्या बर्फाचा मनात हिशेब केला आणि त्यांना आणखीच वाईट वाटलं.

जमिनीतल्या वाफेचा विषय निघाला तशा बायका पुढे आल्या. तिकडे दहातली नऊ घरं जमिनीखालच्या गरम पाण्याने ऊबदार राहतात. तेच पाणी नळाला. थोडा गंधकाचा वास येतो, एवढंच.

‘मग बंब?’

‘बंब नाही.’

‘लाकडं?’

‘झाडंच नाहीत, लाकडं कुठली?’

चोपड्याकडच्या आणि शहाद्याकडच्या अशा दोन उनपदेवांना गरम पाण्याचे झरे आपल्याकडेही आहेत. पण तिथे आपण देऊळ बांधलं आणि हातपाय धुऊन परत आलो, नळ काही काढला नाही. काकूंनी एक फोटो खास दाखवला. जमिनीत खड्डा करून, त्यात राईच्या पिठाचा डबा पुरून, वरून माती लोटून दिवसभर सोडून देतात; वाफेवर पाव तयार. काकूंनी तिथे विचारलं होतं, की यात वांगी पुरली तर? त्या बाईला वांग्याचं भरीत समजावण्यात रबरी बोट सुटायची वेळ आली, त्यामुळे तो प्रयोग राहिला.

आता व्याह्यांचा नंबर. त्यांचा खरं तर या सगळ्याशी संबंध नव्हता. जावयाने त्यांनाही बोलावलं होतं, तर ‘केळीला पाणी कोण देईल?’ म्हणून ते गेले नाहीत. पण गुरुजींनी त्यांच्यासाठी एक फोटो राखून ठेवला होता. रेक्याविकपासून तासाभराच्या आत ह्वेरागेर्दी नावाचं गाव आहे, सगळं वाफाळतं. तिथे बागायती शाळेचं काचघर आहे, आणि त्या काचघरात, आर्क्टिक वृत्ताच्या उंबरठ्यावर, केळी. पानं रुंद, घड लोंबते. युरोपात सर्वांत जास्त केळी आइसलंडात पिकतात अशी एक अफवाही कित्येक वर्षं फिरते आहे; ती खरी नाही, गुरुजींनी चौकशी केली.

व्याही चष्मा पुसून टीव्हीपाशी गेले. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात एक अधिकार आलेला आहे.

‘रास किती पडते?’

‘ते विचारलं नाही.’

‘घड किती महिन्यांनी?’

‘दीड-दोन वर्षं. ऊन कमी ना.’

‘दोन वर्षं!’ आपल्याकडे टिशूकल्चरची बाग वर्षाच्या आत काढून लोक पिलबाग धरतात. ‘मग भाव काय घेतात?’

‘विकत नाहीत. तिथली पोरं आणि मास्तर खातात.’

व्याही परत जागेवर येऊन बसले. ‘विकत नहीत? मंग लावली काहाले?’ या प्रश्नाचं उत्तर गुरुजींकडे नव्हतं, आणि मला वाटतं त्या शाळेकडेही नसावं. सावद्याच्या माणसाला केळी ही शोभेची वस्तू आहे हे पटवणं कठीण. त्यांनी त्यानंतर आइसलंडमध्ये रस घेतला नाही. पुढचा अर्धा तास ते शेजारच्याशी बऱ्हाणपूरच्या भावाबद्दल बोलत होते.

आर्क्टिक वृत्ताला शिवल्याचा प्रसंग गुरुजींनी मोठ्या कष्टाने सांगितला. उत्तरेला ग्रिमसे म्हणून बेट आहे, त्याच्यावरून ते वृत्त जातं. गुरुजींनी आयुष्यभर साडेसहासष्ट अंश म्हणून शिकवलेली रेषा. तुटक काढायची, निळ्या खडूने. ती प्रत्यक्ष कशी दिसते या उत्सुकतेत त्यांना आदल्या रात्री झोप लागली नाही, तशीही तिथे रात्र नव्हतीच. बघतात तर तिथे काँक्रीटचा एक भलाथोरला गोळा, तीन मीटर व्यासाचा. २०१७ साली बसवला. आणि बसवला म्हणजे कायमचा नाही! पृथ्वीचा आस किंचित डोलतो, त्यामुळे ते वृत्त दरवर्षी चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं, आणि त्याच्यामागून तो गोळाही सरकवावा लागतो. २०४७च्या सुमाराला ते वृत्त ग्रिमसे सोडून समुद्रात जाणार.

तलाठी अण्णा इतका वेळ भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. ते ताठ झाले.

‘दरवर्षी हद्द सरकते?’

‘हो.’

‘मोजणी कोण करतं? नोटीस काढतात लगतधारकांना?’

‘लगत समुद्र आहे, अण्णा.’

‘मंग बांध कोन कोरस?’ बापूंनी विचारलं.

‘पृथ्वी,’ गुरुजी म्हणाले, पण पडलेल्या आवाजात. बांध कोरणारा हाच एक असा सापडला होता की ज्याच्यावर तक्रार दाखल करता येत नाही; अण्णांना ते फार आवडलं आणि ते पुन्हा टेकले.

रात्र नसण्याचा काकूंना वेगळाच ताप झाला. सहलीत संकष्टी आली. दिनदर्शिकेत गावोगावचे चंद्रोदय छापलेले, त्यात आइसलंड नाही. बाहेर रात्री साडेबाराला लख्ख ऊन. दिवे कधी लावायचे, उपास कधी सोडायचा? गुरुजी चंद्राच्या कक्षेची आकृती काढायला बसले, तोवर काकूंनी शेजारच्या वैनींना पिंपळनेरला फोन लावला. ‘उगवला का गं?’ ‘उगवला ना, आत्ताच.’ आपलं घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे पावणेदहा, तिकडे दुपारचे सव्वाचार. काकूंनी डेकवर उभं राहून आग्नेयेला हात जोडले आणि चारच्या चहाला उपास सोडला. हे ऐकताच सतरंजीवरच्या बायकांत एक शांत हिशेब सुरू झाला. आइसलंडला जायचं कशासाठी, याचं पहिलं पटण्याजोगं कारण त्यांना मिळालं होतं.

डास जवळजवळ नाहीत, हे दुसरं. जगात डास नसलेल्या ज्या मोजक्या जागा होत्या त्यात आइसलंड होता. २०२५च्या ऑक्टोबरात तिथे पहिल्यांदा सापडले. किती? तीन. दोन माद्या, एक नर. कुणा हौशी माणसाने पतंग पकडायला वाइनमध्ये भिजवलेली दोरी बागेत टांगली होती, तिच्यावर येऊन बसले, आणि त्याची जगभर बातमी झाली. ‘म्हणजे डास नव्हते असं नाही,’ मागून आवाज आला, ‘पाजणारा नव्हता.’

गुरुजींना खरा अभिमान होता तो खडकांचा. आइसलंड म्हणजे काळा दगड, बेसाल्ट. समुद्राच्या तळाशी दोन भूपट्ट फाकतात त्या भेगेतून वर आलेला. आणि आपला खानदेश तरी काय? तोच दगड, तसाच लाव्हा. फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यांचा जुन्यात जुना दीड-पावणेदोन कोटींचा. धुळे-नंदुरबारकडे शेतातून भिंतीसारखे उठलेले लांबच लांब काळे दगडी पट्टे दिसतात, ते भेगांत गोठलेला लाव्हाच. ‘म्हणजे आइसलंड आपल्यापेक्षा लहान,’ हे सगळ्यांना आवडलं. मग किर्क्युफेल आला. देखणा, शंकूसारखा डोंगर, जगातले फोटोवाले त्याच्यासमोर रांग लावतात. उंची ४६३ मीटर. साल्हेर १५६७! लगेच कुजबूज झाली. १६७२ची लढाई झाली त्याच्या पायथ्याशी, आणि युनेस्कोला मात्र तो २०२५ साली दिसला. त्या ४६३ला कोण विचारतं?

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पुढचा फोटो गुरुजींनी दाखवला आणि लगेच रिमोट दाबून पुढे गेले. इतक्या लगेच, की सगळ्यांच्या ते लक्षात आलं.

‘गुरुजी, मागे घ्या.’

हे सिमेंटच्या दुकानवाले भाऊ. वजनदार माणूस, उधारी वसूल करण्यात पंचक्रोशीत नाव. ‘मागचा फोटो. मागे घ्या.’

गुरुजींनी मागे घेतला. अकुरेरी शहराच्या वाटेवरचा फोटो होता. मधोमध रुंद, संथ पाणी. पलीकडचा काठ लांबवर, त्याच्यावर उताराची हिरवी शेतं, गवताच्या पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गुंडाळ्या, लाल छपराची घरं, आणि चरणाऱ्या गाई.

‘हे काय आहे, गुरुजी?’

‘एयाफ्योर्दुर,’ गुरुजी म्हणाले. मग जरा थांबून, ‘साठेक किलोमीटर लांबीचा आहे.’

‘पण हे काय आहे?’

‘फियॉर्ड,’ गुरुजी म्हणाले.

भाऊ उठून उभे राहिले. ‘नववीची सहामाही. प्रश्न तिसरा. फियॉर्ड म्हणजे काय, आकृतीसह स्पष्ट करा, गुण पाच. मी आकृती काढली. असंच रुंद पाणी काढलं. दोन्हीकडे उतार, घरं, आणि काठावर गाई. तुम्ही मला दोन दिले आणि लाल शाईने खाली लिहिलंत: फियॉर्ड अरुंद व उभ्या कड्यांचा असतो. गुरे काढू नयेत.’

ओसरीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. गुरुजींनी टीव्हीकडे पाहिलं. गाई होत्या. तिथला हा भाग दुधासाठीच ओळखला जातो.

‘हा अपवाद आहे,’ गुरुजी म्हणाले, आणि भराभर पुढे जाऊन पूर्वेकडचा सेयदिसफ्योर्दुर दाखवला. तो अरुंद होता, दोन्हीकडे ताशीव डोंगर उभे होते, आणि गुरुजींच्या खडूतून थेट उतरल्यासारखा होता. सतरा किलोमीटर. एकही गाय नव्हती. पण त्यामुळे भाऊंचं समाधान झालं नाही.

‘म्हणजे दोन्ही असतात.’

‘दोन्ही असतात.’

‘मग माझे तीन गुण?’

काकूंनी आतून आवाज दिला, की पानं मांडली आहेत. कोणी हललं नाही. गुरुजींनी खिशातला पेन काढून बोटांत फिरवला. लाल नव्हता.

‘आकृतीत नावं दिली होतीस?’

‘दिली होती. समुद्र, डोंगर, गाय.’

‘उत्तर दिशा? दिशादर्शक बाण दाखवला होतास?’

भाऊ गप्प झाले. बाण नव्हता. इतकी वर्षं गाईंच्या दुःखात त्यांना बाण आठवला नव्हता.

‘चार,’ गुरुजी म्हणाले. ‘बाणाचा एक कापला.’

भाऊ बसले, आणि त्यांनी शेजारच्याकडे असं पाहिलं की जणू मोठी उधारी वसूल झाली. पण तोवर तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला होता, आठवीत गल्फ स्ट्रीमचा रंग चुकवलेल्या एकाचा. त्याच्यामागे दुसरा. भिंतीकडून पंचायत समितीच्या माजी सदस्यांचाही. काकू पुन्हा दारात आल्या आणि म्हणाल्या, की ज्याला गुण हवेत त्याने बसावं आणि ज्याला पुरणपोळी हवी त्याने उठावं. गुरुजी पहिले उठले.